सड्यावरचं गवत राखायचं तर

पहिली गोष्ट, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, झाडं लावू नका. वनमहोत्सव आला की कुणीतरी रोपं घेऊन निघतंच. पण जांभ्यावर माती असते जेमतेम काही सेंटीमीटर, आणि गवत आणि गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही बारकी फुलझाडं, हे सगळं उघड्या उन्हातच तगतं. अकेशियाचा पाचोळा पडला की खालचं गवत गुदमरतं.

जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याची आणि कोमुनिदादची (गोव्यातली गावकीची जमीन सांभाळणारी संस्था) असेल तर त्यांची परवानगी आधी घ्या.

चतुर्थी आटोपली की रानमोडी, हे बाहेरून आलेलं झुडपी तण, काढायला लागा. माती ओली असते, मूळ सहज सुटतं. देठावर तुटली तर पुन्हा फुटते, म्हणून बुडाशी धरून ओढायची. फुलं येण्याआधी काम संपवा. अकेशियाची पिल्लंही त्याच फेरीत उपटा. दगड उचलायचा झाला तर हाताने नको, काठीने. खाली फुरसं असू शकतं.

नोव्हेंबरअखेर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत कापून मोकळा केलेला पट्टा. कणसं मुठीत चोळून बघा. बी सुटत असेल तरच विळा लावा. आधी कापलं तर पुढच्या वर्षीचं बी जातं, जानेवारीपर्यंत थांबलात तर एक विडी पुरते. कडेने किमान 3 मीटर पट्टा जमिनीलगत कापा. रस्त्याच्या बाजूला आणि पश्चिमेला 5 मीटर, कारण दुपारचा वारा समुद्राकडून येतो. उतारावरून चढणारी आग सपाटीवरच्यापेक्षा वेगाने धावते, तेव्हा ती कड विसरू नका. कापलेलं गवत दाताळ्याने ओढून गोठ्याला द्या. खळग्यांत टाकून ठेवणं ही नेहमीची चूक. पावसात ते कुजून खत होतं. दवबिंदूसारखी कीटकभक्षी झाडं निकस मातीतच टिकतात; खत मिळालं की तण त्यांच्यावर चढतं.

मार्च ते मे विळा खुंटीला. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये बहुधा चार अंडी घालते, आणि ती जांभ्याच्या रंगात इतकी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पक्षी ओरडत पुढे पळू लागला की तिथेच थांबा, आल्या पावली मागे फिरा. भर उन्हात अंडी उघडी राहिली तर भाजतात. ती गार ठेवायला टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. जवळपास पाणवठा असेल तर तिथे बैठक मारू नका.

पावसाळ्यात एकच काम: गाड्या अडवणं. चाकोऱ्यांतून डबक्यांचं पाणी वाहून गेलं की बेडकांची पिल्लं सुकून मरतात. वाटेवर जांभ्याचे दोन चिरे आडवे टाकले तरी जीप वर येत नाही.