एप्रिल-मेच्या दुपारी टेकऑफ: विमान शिकायला आलेल्यांसाठी

उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि विमान जड उचलतं; किती, ते आधी मोजा. चिकलठाण्याची (छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून सांगितलेला हवेचा दाब) १००४ असेल तर प्रमाण दाब १०१३ पेक्षा ९ कमी, गुणिले ३० फूट, ते १,९०० मध्ये मिळवा, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (दाबानुसारची उंची) २,१७०. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश आणि बाहेर ४२. फरक ३१, त्याला १२० ने गुणा: ३,७२०. दोन्हींची बेरीज जवळपास ५,९०० फूट, ही डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसारची उंची. विमान उभं आहे धावपट्टीवर, पण इंजिन, प्रोपेलर आणि पंख यांच्या लेखी ते कळसूबाईच्या शिखराहून वर आहे. सेसना १७२ एस या चार आसनी शिकाऊ विमानाची १८० अश्वशक्ती इथे दीडशेवर येते.

हे गणित तोंडी नको, कागदावर करा. वजनही तिथेच मांडा: एक लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) ०.७२ किलो, म्हणजे २०० लिटरचे १४४ किलो. तिघे धडधाकट आणि टाक्या काठोकाठ, हा बेत मे महिन्यात सोडून द्या. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) नीट बघा. पाठीमागून येणारा दर २ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा टेकऑफला लागणारं अंतर १० टक्क्यांनी वाढवतो. वावटळीच्या दिवसांत तो मिनिटात फिरतो.

खरी गफलत नाक उचलताना होते. वेगाच्या काट्यावर ५५ नॉट दिसतात तेव्हा विरळ हवेत खरा वेग ६० असतो. जमीन भराभर मागे पळते, डोळा म्हणतो “झालं”, आणि हात योक (नाक वर-खाली करणारा दांडा) ओढतो. जमिनीलगत, पंखांच्या लांबीएवढ्या म्हणजे ११ मीटरच्या आत, ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीजवळ हवेचा अडथळा कमी होतो त्यामुळे) विमान उचलतंही. त्याच्या वर गेलं की ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, चढण थांबते, समोर झाडं दिसतात, आणखी ओढलं जातं. मग स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याचा, भोंगा. अशा वेळी नाक किंचित खाली ठेवून वेग चढण्याच्या ७४ नॉटकडे नेणं जिवावर येतं, पण तेच करायचं.

लांब धावपट्टी माणसाला सुस्त करते. २६ एप्रिल १९९३ ला याच चिकलठाण्यावरून निघालेलं बोइंग ७३७ उशिरा उचललं गेलं, धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं; ५५ जण गेले. म्हणून विमानाच्या माहितीपुस्तकातलं धावेचं अंतर मोजून धावपट्टीवरची एक खूण आधीच ठरवा. तिथवर वेग आला नाही की थ्रॉटल बंद, ब्रेक. चर्चा नंतर.

चढताना इंजिन गेलंच तर मागे वळू नका; ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. नाक खाली, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना ७० नॉट, समोर डावी-उजवीकडे ३० अंशांत जागा. नांगरलेल्या काळ्या रानात नांगराच्या सरींच्या दिशेने उतरा, आडवं नाही. उसात शिरण्यापेक्षा ढेकळं परवडली. मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), इंधन, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद. फ्लॅप खाली घेतल्यावर मास्टर (विजेचं मुख्य बटण) बंद. टेकण्याआधी दाराची कडी काढा, चौकट वाकली तर ते नंतर उघडत नाही.