एका कंपनीचे बड्स, दुसऱ्या कंपनीचा फोन: जोडायचे कसे

‘सॅमसंगचे बड्स आयफोनला लागतात का?’ ‘एअरपॉड्स आहेत, मग अँड्रॉइड घेऊच नको का?’ असे प्रश्न अजूनही येतात, आणि कोणीतरी शहाणा ‘फोन रीस्टार्ट करून बघ’ असं सांगून मोकळा होतो. लागतात हो. बड्स म्हणजे कानात घालायचे बिनतारी इअरफोन, एअरपॉड्स म्हणजे ॲपलचे बड्स; सगळे सगळ्यांना लागतात. ते फोनशी ज्या बिनतारी तंत्राने बोलतात, ते ब्लूटूथ ही कोणा एका कंपनीची मिरास नाही. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या त्या याचसाठी, की कोणाचीही वस्तू कोणाच्याही वस्तूला जोडता यावी.

एकाच कंपनीचा फोन आणि बड्स असले की बड्सची चार्जिंगची डबी उघडताच फोनच्या पडद्यावर बड्सचं चित्र असलेली चौकट वर येते. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ती बऱ्याचदा येत नाही. चौकट आली नाही म्हणजे बड्स चालत नाहीत, असा लोकांचा समज होतो आणि वस्तू परत द्यायला निघतात. ती चौकट म्हणजे नुसती सोय आहे. तिच्याविना जोडायला मिनिटभर लागतं, फक्त एक पायरी नीट व्हायला हवी. ती दुसरी.

पायरी १: जुना संबंध तोडा

बड्स कोरे असतील तर ही पायरी सोडा. आधी कुठल्याही फोनला, टॅबला किंवा लॅपटॉपला जोडलेले असतील तर तिथल्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन बड्सच्या नावापुढचं चाक किंवा ‘आय’चं चिन्ह दाबा आणि ‘फॉरगेट’ करा. मराठीत ठेवलेल्या अँड्रॉइडवर तिथे ‘विसरा’ असं दिसेल.

‘डिस्कनेक्ट’ दाबून काम भागत नाही. डिस्कनेक्ट म्हणजे तात्पुरता अबोला. डबी पुन्हा उघडली की बड्स धावत जुन्या मालकाकडे. आयफोनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: वरून खाली ओढून येणाऱ्या कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण ब्लूटूथ बंद करत नाही, जोडलेल्या वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत सोडून देतं, इतकंच. खरं बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं.

एअरपॉड्स असतील तर एका फोनवर भागत नाही. एका ॲपल खात्यावर जितकी उपकरणं, तितक्यांना ते ओळखतात. आमच्या आत्याला नातवाने जुने एअरपॉड्स दिले. ते तिच्या अँड्रॉइडला जोडून झाले, भजन लावलं, आणि कानात मोटू-पतलू. आतल्या खोलीत धाकट्याने आयपॅड उघडला होता. तेव्हा घरातल्या आयपॅड-मॅकवरही नाव उरलं नाही ना, हे बघून घ्या. जुने एअरपॉड्स विकत घेताना तर आधीच्या मालकाला समोर बसवून ‘फाइंड माय’ या हरवलेल्या वस्तू शोधायच्या ॲपमधूनही ते काढायला लावा, आणि त्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी २: बड्सना पेअरिंगला बसवा

जोडणी अडते ती नव्वद टक्के वेळा इथे, आणि फुकटचे सल्लेही इथेच सर्वांत भिकार असतात. त्यामुळे जरा सविस्तर.

बड्सची डबी उघडली, दिवा लागला, म्हणजे बड्स पेअरिंगला, अर्थात नव्या फोनशी ओळख करून घ्यायला तयार, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. डबी उघडल्यावर बड्स चालू होतात आणि सगळ्यात आधी शेवटच्या ओळखीच्या फोनला शोधतात. तो सापडला की जोडले जातात आणि बाकी जगाला दिसेनासे होतात. तुम्ही नव्या फोनवर ‘शोधत आहे’ बघत बसता आणि यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही सोडून काही येत नाही. बड्स ठणठणीत असतात, फक्त तुमच्याशी बोलत नसतात. पेअरिंग मोड ही वेगळी अवस्था आहे आणि बहुतेक वेळा ती मुद्दाम आणावी लागते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेअरिंगची नोंद दोन्हीकडे राहते, फोनमध्येही आणि बड्समध्येही. पहिल्यांदा जोडताना दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्यापाशी ठेवतात; पुढच्या प्रत्येक वेळी तीच ताडून बघतात. बँकेतल्या सहीच्या नमुन्यासारखं आहे हे: एका बाजूची सही बदलली की चेक परत. तुम्ही फोनवरून नाव काढलं तरी बड्सच्या पोटातली नोंद तशीच राहू शकते. मग कधीकधी फोन म्हणतो की पिन किंवा पासकी चुकीची आहे, आणि माणूस डोकं खाजवतो, कारण पिन त्याला कोणी विचारलेलाच नसतो. तो संदेश आला की ० चार वेळा टाकून बघायच्या भानगडीत पडू नका. फोनवरचं नाव काढा, बड्सही रीसेट करा, आणि दोन्ही बाजू कोऱ्या करून पहिल्यापासून जोडा. फोन फॅक्टरी रीसेट करायचा सल्ला देणाऱ्याला तर दारातच उभं करा. दोष बड्सच्या आठवणीत असताना फोनमधले फोटो कशाला घालवायचे?

आता मोड आणायचा कसा. तऱ्हा तीन.

डबीवर बटण असेल तर काम सोपं. एअरपॉड्सच्या जुन्या डब्यांवर मागच्या बाजूला बारीक गोल बटण आहे, डबीच्या रंगाचंच, त्यामुळे बोटाने चाचपल्याशिवाय सापडत नाही. दोन्ही बड्स आत, झाकण उघडं, आणि दिवा पांढरा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचं. लुकलुक सुरू झाली की लगेच सोडायचं. सुमारे पंधरा सेकंद धरून ठेवलंत तर दिवा केशरी होतो, मग पांढरा. तो रीसेट झाला. बटणवाल्या इतर डब्यांचंही बहुधा असंच असतं: थोडा वेळ धरलं की पेअरिंग, जास्त वेळ धरलं की सगळं पुसलं. म्हणून घड्याळ बघत बसू नका, दिवा बघा. एअरपॉड्स ४ च्या डबीवर बटणच नाही. तिथे झाकण उघडं ठेवून डबीच्या पुढच्या अंगावर, दिव्याच्या जागी, बोटाने दोनदा टकटक करायचं. हे ठाऊक नसलेली माणसं डबी उलटीपालटी करून बटण शोधत बसतात.

दुसरी तऱ्हा बड्सच्या स्पर्शाची. गॅलेक्सी बड्स २ सारख्या मॉडेलमध्ये दोन्ही बड्स कानात घालून दोन्हींच्या स्पर्शाच्या जागा एकाच वेळी दाबून धरायच्या. तीनेक सेकंदांनी कानात बीप येते आणि बड्स दिसू लागतात. एकच दाबलात तर गाणं थांबेल किंवा आवाज बदलेल, पेअरिंग होणार नाही. बड्स ३ मध्ये सॅमसंगने डबीवर बटण दिलं आणि लोकांची सुटका केली.

तिसरी तऱ्हा स्वस्त बड्सची: डबीतून काढले की आपोआप पेअरिंगला बसतात, पण जवळपास ओळखीचा फोन नसेल तरच. इथे पायरी १ न करता पुढे गेलात तर संध्याकाळ वाया गेली म्हणून समजा. जुना फोन हाताशी नसेल, भावाने तो घेऊन मुंबई गाठली असेल, तर काळजी नाही. तो ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर आहे. पण तोच फोन शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असेल तर भिंत काही आडवी येत नाही.

या तिन्हींतली आपली तऱ्हा कुठली, हे डबीसोबतच्या घडी घातलेल्या कागदावर असतं. व्हिडिओ बघण्याआधी तो कागद बघा. व्हिडिओतला माणूस दुसरंच मॉडेल हातात धरून बोलत असतो.

पायरी ३: फोनवर निवडा

सेटिंग्ज, ब्लूटूथ, अँड्रॉइडवर ‘नवीन डिव्हाइस पेअर करा’, नाव आलं की दाबा, परवानगी द्या. झालं.

एकाच बड्सची दोन नावं दिसली आणि एकाच्या आधी ‘एलई’ लागलेलं असेल, तर ते सोडून साधं नाव निवडा. सोनीच्या काही बड्समध्ये हे हमखास दिसतं.

पायरी ४: कॉल करून बघा

गाणं वाजलं म्हणून उठू नका. कोणाला तरी फोन लावा. कॉल फोनच्या स्पीकरवर जात असेल तर अँड्रॉइडमध्ये बड्सच्या नावापुढच्या चाकात ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया’ अशा वेगळ्या खुणा असतात, त्यातली पहिली चालू करा. कॉलवर आवाज गाण्यापेक्षा किरटा येतो. माइक चालू झाला की ब्लूटूथ वेगळ्या, कमी प्रतीच्या वाटेने आवाज पाठवतं. नुसते बड्स बदलून ते सहसा जात नाही.

काय मिळणार नाही

जोडणी झाल्यावर रुसवा सुरू होतो, म्हणून आधीच सांगतो. अँड्रॉइडवर एअरपॉड्सचा बड कानातून काढला तरी गाणं थांबत नाही, सिरी (ॲपलची बोलकी मदतनीस) येत नाही, आणि बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या उपकरणाला जोडल्यावरच अद्ययावत होतं. एअरपॉड्स प्रोचं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणं, मात्र चालतं. दांडी दाबून धरली की मोड बदलतो. उलट बाजूला, गॅलेक्सी बड्स प्रो आणि त्यानंतरच्या मॉडेलना सॅमसंगने आयफोनसाठी ॲप दिलेलं नाही. आवाज येतो, पण इक्वलायझर (आवाजाचा जाड-बारीकपणा), स्पर्शाची कामं, यातलं काही बदलता येत नाही. आयफोन वापरता आणि सेटिंग्जशी खेळायची हौस आहे, तर ते घेऊ नका. सोनी, जेबीएल, नथिंग यांची ॲप्स दोन्हीकडे आहेत, वनप्लसचं ‘हेमेलडी’सुद्धा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर ही ॲप्स लोकेशनची परवानगी मागतात. आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधायला त्या आवृत्त्यांत ती लागतेच, उगाच घाबरू नका.

मग कोडेक, म्हणजे आवाज दाबून हवेतून पाठवायची भाषा. सगळ्यांना येणारी एसबीसी. आयफोनला तिच्याशिवाय फक्त एएसी येते. खोक्यावर ‘एलडॅक’ हा वरच्या प्रतीचा कोडेक लिहिलाय म्हणून आयफोनसाठी हजार-दोन हजार जास्त मोजणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. आयफोन एलडॅक घेतच नाही. अँड्रॉइडमध्ये तो ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून आहे, आणि ९९० केबीपीएसपर्यंत जातो. पण ठाणे-दादर गर्दीच्या लोकलमध्ये, जिथे डब्यातले शंभर फोन त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतात, तिथे तो अडखळतो. प्रवासात बड्सच्या सेटिंगमधून तो बंद करून एएसीवर या.

फुल आवाज करूनही बारीकच येत असेल तर फोनचा आणि बड्सचा आवाजाचा काटा जुळलेला नसतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ बंद करायची खूण आहे. ती चालू करा, ब्लूटूथ एकदा बंद-चालू करा. बाकी तिथल्या कशालाही हात लावू नका.

एकाच कानात आवाज येत असेल तर आधी डबीत बड बसतो त्या पितळी टोकांवर मळ साचलाय का ते बघा आणि कोरड्या कापडाने पुसा. तो बड चार्जच झालेला नसतो, असं बऱ्याचदा निघतं. तरीही नाहीच आला, तर फोनवरून नाव काढा, दोन्ही बड्स डबीत ठेवून रीसेट करा आणि डबी बंद करून जरा वेळ राहू द्या, म्हणजे डावा-उजवा आधी एकमेकांना सापडतील. मग दोन्ही एकदम बाहेर काढा. एक काढून जोडला आणि दुसरा नंतर काढला, तर काही स्वस्त मॉडेलमध्ये दोघांची दोन वेगळी नावं यादीत येतात आणि फोन त्यातल्या एकालाच धरून बसतो.