ओढायची करवत

पंचवटीतला आजोळचा वाडा उतरवला, तेव्हा सागाच्या दोन तुळया मी इंदिरानगरला आमच्या गच्चीवर आणून ठेवल्या. त्यातून मिसळणाचा डबा करायचा होता, म्हणून जपानी करवत मागवली. शेजारचे सुतारकाका ती हातात घेऊन म्हणाले, "करवत आहे का पत्रा?" आणि सवयीने जोरात ढकलली. पातं पापडासारखं वळलं.

आपली करवत ढकलताना कापते. ढकलताना वाकू नये म्हणून पातं जाड लागतं. जपानी करवत ओढताना कापते. ओढलं की पातं आपोआप ताठ होतं, त्यामुळे ते पातळ असलं तरी चालतं. दोझुकी नावाच्या जपानी करवतीचं पातं तर साधारण ०.३ मिलिमीटरचं. फट बारीक पडते, लाकूड कमी वाया जातं.

जपानी करवतींत पहिली घ्यायची ती रयोबा. हिला दोन्ही कडांना दात. मोठे दात पटाशीच्या धारेसारखे, लाकूड त्याच्या तंतूंच्या दिशेने उभं चिरायला; बारीक दात सुरीच्या टोकासारखे, आडवं कापायला. आडव्या कापाला मोठे दात लावलेत तर कड फाटलीच म्हणून समजा. काप खोल गेला की वरचे दात कापाच्या भिंती ओरबाडतात, तेवढं सांभाळा.

दोझुकीच्या पाठीवर धातूची पट्टी असते. पट्टी लाकडाला टेकली की काप थांबतो. डब्याच्या कोपऱ्यांचे सांधे मी हिनेच कापले. जाड तुळईला कताबा घ्या: एकाच कडेला दात, पाठ मोकळी. कुगिहिकीचे दात बाजूला वळवलेले नसतात, म्हणून बाहेर आलेली लाकडी खुंटी सपाट कापताना खालचा पृष्ठभाग खरवडत नाही. फळीच्या मधोमध काप सुरू करायचा असेल तर आझेबिकी, पण घरगुती कामाला ती क्वचितच लागते.

सुरुवात मुठीजवळच्या दातांनी, अंगठ्याच्या नखाचा आधार देऊन. दोन-तीनदा हलकं ओढा, मग पूर्ण लांबी. दाबू नका. भुसा आपल्याच बाजूला येऊन आखलेली रेघ झाकतो, फुंकर मारत राहा.

जुन्या सागावर आधी लोहचुंबक फिरवा. माझ्या तुळईत वीतभर अंतरावर दोन खिळे निघाले. हल्लीच्या बहुतेक पात्यांचे दात इतके कडक केलेले असतात की खिळ्याला लागले तर तुटतात, आणि कानसही चालत नाही. पातंच बदलायचं. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला की गंज धरत नाही.

काकांनी वाकवलेलं पातं टाकलं नाही. त्याचा सरळ राहिलेला तुकडा कापून दिला त्यांनीच. डब्याचं झाकण त्यानेच खरवडून गुळगुळीत केलं.