मूल झोपेत दात खातं? या चुका टाळा

झोपेत दात खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत बहुतेक चुका एकाच जागी होतात: उपाय आवाजावर केला जातो. आवाज मोठा म्हणजे नुकसान मोठं, असं नसतं. काही मुलं दात नुसते घट्ट आवळून धरतात. आवाज शून्य, पण सकाळी कानशिलं ठणकतात आणि घास चावताना जबडा दुखतो.

पहिली चूक जंताच्या गोळीची. दात खातंय म्हणजे जंत झालेत, ही समजूत जुनी आहे, पण तिला भक्कम आधार नाही. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर तपासणी जरूर करा. केवळ दात खातंय म्हणून गोळी देऊ नका.

त्याहून महागात पडते ती घोरण्याकडे केलेली डोळेझाक. दात खाण्याचे झटके बहुधा झोप क्षणभर उथळ होते तेव्हा येतात, आणि झोप वारंवार चाळवण्याचं एक कारण म्हणजे श्वासातला अडथळा. मूल आठवड्यातून तीन-चार रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर दातांआधी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) दाखवा. मूल झोपेत असताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा; डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

लहान मुलाला घाईने नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं संरक्षक आवरण) बसवणं ही तिसरी चूक. साधारण 6 ते 12 या वयात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, जबडाही वाढत असतो. आज नीट बसलेला गार्ड काही महिन्यांत घट्ट होतो आणि येणाऱ्या दातांची वाट अडवू शकतो. दुधाचे दात थोडे झिजले तर बहुतेकदा नुसती नजर ठेवणं पुरतं, कारण मोठेपणी ही सवय बऱ्याच मुलांची आपोआप सुटते. मात्र झीज आतल्या पिवळसर थरापर्यंत पोचली, थंड-गरम झोंबू लागलं किंवा दाताचा टवका उडाला, तर थांबू नका.

कुमारवयात गणित बदलतं. आता झिजणारे दात कायमचे असतात, गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचा कडक बाहेरचा थर, पुन्हा येत नाही. इथे गार्ड उपयोगी पडतो, पण दंतवैद्याने माप घेऊन बनवलेला. गरम पाण्यात मऊ करून घरी चावून बसवायचे गार्ड काही मुलं रात्रभर चघळत राहतात, म्हणजे स्नायूंना उलट जास्त काम. तारा लावलेल्या असतील तर आधी तारा लावणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

औषधांची यादीही विसरली जाते. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं मिथिलफेनिडेट, नैराश्य किंवा चिंतेसाठीचं फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन सुरू केल्यावर वा डोस वाढवल्यावर दात खाणं वाढलं असेल, तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दुपारनंतरची कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक मात्र आजच बंद करता येतात. झोपेचे तासही मोजा: 6 ते 12 वर्षांना 9 ते 12 तास, 13 ते 18 वर्षांना 8 ते 10.

मुलाला हलवून उठवल्याने आवाज तेवढ्यापुरता थांबतो, झोप मात्र मोडते. रागावणं तर निरर्थकच. झोपेतल्या हालचालीवर त्याचा ताबा नसतो. दिवसा अभ्यास करताना किंवा मोबाइलवर खेळताना दात आवळले जात असतील तर तिथे सवय लावता येते: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकलेली.

गार्ड रोज गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. तो झिजून त्याला भोक पडलं तर वाया गेला म्हणून हळहळू नका. ती झीज एरवी दातांची झाली असती.