स्वतःचं गाणं ऑनलाइन काढताय? मग आधी हे उरका

गाणं मिक्स-मास्टर होऊन आलं की लगेच उद्याच टाकू म्हणणाऱ्यांसाठी हे आहे. उद्या नका टाकू, तीन-चार आठवडे तरी हातात ठेवा. पूर्वी लक्ष्मी रोडच्या दुकानात आपली कॅसेट दिसायची तर कंपनीच लागायची, आता स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन सगळीकडे जायला डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोअरसारखा एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं गाणं सगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी, पुरतो, पण कॅसेट कंपनीतला माणूस जी कारकुनी करायचा ती आता आपल्या गळ्यात आलीये आणि बहुतेक बँडवाले नेमके तिथेच झोपतात.

पहिलं काम म्हणजे हक्क. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवाल्याला एकरकमी पैसे की टक्के, रेकॉर्डिंगचा मालक कोण, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 'आपलीच माणसं आहेत रे' हे गाणं चालेपर्यंतच असतं. शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते, तिथे मेंबर व्हा आणि गाण्याची नोंद करा. तुकोबांचा अभंग घेतलात तर शब्दांची परवानगी लागत नाही, पण चाल जर कुठल्या अलीकडच्या संगीतकाराची असेल तर लागते, कारण आपल्याकडे कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मंडळाच्या स्टेजवर खपून गेलं म्हणून यूट्यूबवर खपेल असं नाही, तिथे कंटेंट आयडी बसलाय, म्हणजे व्हिडिओत कुणाचं गाणं वाजतंय ते आपोआप ओळखणारी सिस्टीम.

आणि हो, बीट म्हणजे गाण्यामागचं तयार म्युझिक विकत घेतलं असेल आणि तीच बीट आणखी दहा जणांनाही विकलेली असू शकत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मात कंटेंट आयडीच्या चौकोनात टिक करू नका, नाहीतर तुमच्या नावाने त्या दहाही जणांच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे मालकीचे दावे, जातील आणि शिव्या तुम्हाला पडतील.

मग नाव. पुण्यात कुलकर्णी, जोशी म्हणून हाक मारली तर अर्धी सदाशिव पेठ वळून बघेल, ॲपवर पण तेच होतं, तुमचं गाणं भलत्याच कुणाच्या प्रोफाइलवर जाऊन बसतं. नाव जरा वेगळं ठेवा आणि रोमनमधलं स्पेलिंग दरवेळी तेच ठेवा.

गाण्याची फाइल वॅव (WAV) फॉरमॅटमध्ये द्या, कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा कोड देतो, तो जपून ठेवा, पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा म्हणजे जुने स्ट्रीम, म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा, सहसा टिकतात. काही कंपन्या वर्षाची फी घेतात आणि फी थांबली की गाणं उतरवतात, ते आधी वाचा.

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या ॲपमधून रिलीजच्या किमान ७ दिवस आधी गाणं पिच करा, म्हणजे प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायच्या टीमला पाठवा, म्हणजे ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं. रील्सचं ज्ञान सगळेच देतात, मी एवढंच सांगेन की गणपतीचं गाणं चतुर्थीला काढू नका, पथकांचा सराव सुरू असतो तेव्हाच काढा, पथकातली पोरं रोज व्हिडिओ टाकत असतात, त्यांना ऑडिओ हवाच असतो. पंधरा-वीस सेकंदांचा दमदार तुकडा कुठला ते आधीच ठरवा.

पैशाचं म्हणाल तर ३० सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर एक स्ट्रीम, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. पण तो आकडा गाठायला 'इतक्या रुपयांत इतके हजार स्ट्रीम' असले मेसेज आले तर सरळ ब्लॉक करा, बॉटचे, म्हणजे माणसांऐवजी सॉफ्टवेअरने वाजवलेले, स्ट्रीम पकडले गेले की गाणंच उडतं. त्यापेक्षा ते पैसे एका चांगल्या लाइव्ह व्हिडिओत घाला, गिगसाठी फोन येतात ते तो बघूनच.