विदर्भातील खेड्यातून श्रीलंकेला कसे जावे

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांतून श्रीलंकेला निघताना मुंबईचा उलटा फेरा घेण्यापेक्षा एसटीने बल्लारशा गाठून तेथून चेन्नईची रेल्वे पकडणे सोयीचे ठरते. चेन्नईहून कोलंबोचे विमान साधारण दीड तासात पोहोचते. मात्र लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

तमिळनाडूतील धनुष्कोडीहून श्रीलंकेला जाणारी जुनी रेल्वे-बोट वाट १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झाली. २०२३ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टिनमहून श्रीलंकेतील जाफनाजवळच्या कांकेसनथुरैपर्यंत प्रवासी जहाज सुरू झाले खरे, परंतु खराब हवामानात ते बंद राहत असल्याने, फेरी सुरू असल्याची खात्री केल्याशिवाय रेल्वेचे आरक्षण करू नये. जाफना पाहायचे असल्यासच हा मार्ग घ्यावा. पासपोर्ट व प्रवास-परवानगी दोन्ही मार्गांना लागते.