जिमनीला लिफ्ट किट टाकल्यावर टायर घासतोय? या चुका टाळा

दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकअप) बसवली, पाठोपाठ मोठे टायर चढवले आणि पहिल्याच ऑफरोडला पुढून खर्रकन आवाज. मग एक जण म्हणतो लायनर (चाकावरचं प्लास्टिकचं आवरण) कापून टाक, दुसरा म्हणतो व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लाव, पण नेमकं काय कुठे लागतंय ते गाडीखाली शिरून कुणी बघतच नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे लिफ्ट केली की टायरला आपोआप जागा होते. सपाट जमिनीवर गाडी उभी असताना जागा दिसते हे खरं, पण खड्ड्यात चाक पूर्ण दाबलं गेलं की ते बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची चाल अडवणारा रबरी ठोकळा) वर येतं आणि बंप स्टॉप कंपनीचाच असेल तर स्प्रिंग कितीही उंच टाका, चाक पूर्वी जितकं वर यायचं तितकंच येणार. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिमी उंच, २१५/७५ चा ७०४ आणि २३५/७५ चा ७३४ च्या आसपास. म्हणजे २१५ ला फरक जेमतेम एक सेंटीमीटर, त्याचं फार टेन्शन नाही. २३५ ला मात्र चार सेंटीमीटर, शिवाय रुंदीही वाढते, तिथे बंप स्टॉपखाली स्पेसर टाकून चाकाची वरची चाल थोडी कमी करावी लागते. आणि हो, डिफरन्शियल (डिफ, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) जमिनीपासून उंच होतं ते फक्त मोठ्या टायरने, लिफ्टने नाही, त्यामुळे दगड खालून लागतात म्हणून नुसती लिफ्ट करत असाल तर डिफला काहीच फायदा नाही.

तपासायची खात्रीची पद्धत वेळखाऊ आहे पण तीच करा. चॅसी स्टँडवर घ्या, पुढच्या दोन्ही स्प्रिंग काढून शॉकअप परत जोडा, टायरच्या कडांना खडू फासा आणि ॲक्सलखाली जॅक लावून बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत हळूहळू वर घ्या. आधी एकच बाजू, मग दुसरी, मग दोन्ही, आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत फिरवा. जिथे लागेल तिथे पांढरं उमटतं. आता उपाय जागेप्रमाणे बदलतो. आतल्या बाजूला रेडियस आर्मवर (ॲक्सलला चॅसीशी जोडणारा लांब दांडा) खूण असेल तर स्टेअरिंगच्या स्टॉपर बोल्टखाली वॉशर टाकून लॉक किंचित कमी करा, वळायला थोडी जास्त जागा लागेल पण चालतं. बंपरच्या कोपऱ्यावर किंवा मडफ्लॅपवर खूण असेल तर व्हील स्पेसर अजिबात नको, तो चाक अजून बाहेर ढकलतो आणि घासणं वाढतं. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) न बघता फक्त दिसायला भारी म्हणून अलॉय घेतले की हाच त्रास होतो.

मग चाकं पूर्ण खाली लटकू द्या. ब्रेकची होज (रबरी नळी) ताणली जातेय का, एबीएसची वायर, डिफचा ब्रीदर पाइप (हवा जाण्याची नळी), सगळं हाताने हलवून बघा. होज ताठ झाली असेल तर लांब होज टाकल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका, इथे जुगाड नकोच. शॉकअप लांब आणि स्प्रिंग त्या मानाने आखूड असेल तर लटकलेल्या स्थितीत स्प्रिंग सीटवर सैल पडते, तेही आत्ताच दिसेल.

एका बाजूलाच घासत असेल तर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बघा. लिफ्ट केल्यावर त्याचा तिरकेपणा वाढतो आणि ॲक्सल, रॉडचं टोक चॅसीला जिकडे जोडलंय तिकडे, काही मिलिमीटर सरकतो. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक असेल तर ॲडजस्टेबल रॉड घ्या, बॉडी ठोकत बसू नका. हायवेला स्टेअरिंग सैल, भरकटल्यासारखं वाटत असेल तर कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झालाय, त्याला करेक्शन बुश लागतात, नुसतं टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) ॲडजस्ट करून ते जाणार नाही.

आता एक चूक जी चांगले चांगले फिटर करतात: गाडी हवेत असतानाच आर्मचे बोल्ट फुल टाइट करणं. रबर बुश त्याच स्थितीत जखडतो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. गॅरेजवाला घाई करेल, तरी समोर उभं राहून हे करून घ्या.

गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि इन्शुरन्स, दोन्हींची चौकशी किट घेण्याआधीच करा. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून हजारेक किलोमीटर झाले की उंची परत मोजा, बोल्ट तपासा आणि एकदा चार माणसं नि सामान भरून खडूची टेस्ट घ्या, कारण रिकाम्या गाडीत न लागणारा मागचा टायर भरलेल्या गाडीत लागू शकतो.